परसबागेचा ऋतुपालट : आश्विन ते मार्गशीर्ष

हस्ताचा पाऊस ओसरला आणि चित्रा नक्षत्रातील उन्हाचा ताप जाणवू लागला, की घरामागच्या परसाकडे गृहिणीचे लक्ष नव्याने वेधले जाते. मांडवावरचा भोपळ्याचा वेल पिवळा पडलेला असतो, दोडक्याची पाने भुरकट झालेली असतात, भेंडीची झाडे उंच होऊन शेंगा निबर येऊ लागतात आणि तुळस मंजिऱ्यांनी लवलेली असते. हे दृश्य पाहून बागेचा हंगाम आता संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही समजूत बरोबर नाही. युरोपातील थंड प्रदेशांत शरद ऋतूची अखेर ही बागकामाचीही अखेर असते. पुढे तेथील जमीन गोठते. दख्खनच्या पठारावर स्थिती नेमकी उलट आहे. येथे याच सुमारास भाजीपाल्याच्या सर्वोत्तम हंगामाला आरंभ होतो. मात्र त्याचा लाभ घेण्याची मुदत थोडी असते. ती मुदत किती, ती तेवढीच का, आणि त्या अवधीत परसात कोणते फेरबदल घडतात व घडवावे लागतात, याचा विचार हैदराबाद शहरातील मराठी घरांच्या परसबागांच्या आधारे येथे केला आहे.

पंचांग तेच, जमीन निराळी

हैदराबादचे उदाहरण घेण्यास कारण आहे. तत्कालीन औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत हैदराबाद राज्यात समाविष्ट होते. शिक्षण, वकिली, सरकारी नोकरी व व्यापार यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे राजधानीत आली आणि काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा अशा भागांत स्थिरावली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आणि १९२२ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय या वस्तीची साक्ष देतात. गावाकडचे पेरणीचे आडाखे या कुटुंबांबरोबर आले. जमीन मात्र त्यांना निराळी मिळाली.

मराठवाड्यातील काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. ती चिकण, खोल व ओल धरून ठेवणारी असल्यामुळे पावसाळा संपल्यावर केवळ साठलेल्या ओलीवर तेथे रब्बीची ज्वारी उभी राहते. हैदराबादच्या परिसरातील जमीन ग्रॅनाइटपासून झालेली, तांबडी, रेताड व बहुतेक ठिकाणी उथळ आहे. तेलंगणातील शेतकरी अशा जमिनीला ‘चलका’ म्हणतात. तिच्यात पाणी झपाट्याने मुरते आणि तितक्याच झपाट्याने निघूनही जाते. म्हणून ‘दिवाळी झाली की सावकाश पेरू, ओल कोठे जाते’ हा काळ्या रानातील दिलासा तांबड्या परसात उपयोगी पडत नाही. पाऊस थांबल्यानंतरचा प्रत्येक आठवडा येथे मोलाचा ठरतो. महाराष्ट्रात ज्यांच्या घराभोवती मुरमाड वा हलकी जमीन आहे, त्यांनाही हाच नियम लागू पडतो.

हवेतील पालट

हैदराबाद शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ऑक्टोबरच्या मध्यास नैर्ऋत्य मोसमी वारे परततात. वारा फिरतो, पश्चिमेकडून येणारी दमट हवा थांबून पूर्वेकडील व ईशान्येकडील कोरडी हवा वाहू लागते. आकाश निरभ्र झाल्याने दुपारचे ऊन प्रखर भासते, तर रात्री जमिनीतील उष्णता लवकर बाहेर पडून पहाटे गारवा येतो. नोव्हेंबरात रात्रीचे तापमान साधारणतः १६-१७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, डिसेंबरात ते १४-१५ अंशांवर येते आणि एखाद्या रात्री १० अंशांच्याही खाली जाते. दिवसा मात्र २८-२९ अंशांची ऊब टिकून राहते. उबदार दिवस व गार रात्री हा योग पालेभाज्या, कंदमुळे, कोबी व फुलकोबी यांना अत्यंत मानवतो.

तथापि ऑक्टोबरातील निरभ्र आकाशावर पूर्ण विसंबून राहणे योग्य नव्हे. याच काळात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे निर्माण होतात. १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी अशाच एका पट्ट्यामुळे हैदराबादेत अतिवृष्टी होऊन अनेक वसाहती जलमय झाल्या होत्या. म्हणून पावसाळ्यासाठी काढलेले पाण्याचे चर ऑक्टोबर अखेरपर्यंत बुजवू नयेत. त्यानंतर मात्र वाफ्यांचे स्वरूप बदलावे. पावसाळ्यात पाणी निथळावे म्हणून उंच गादीवाफे करतात. कोरड्या हवेत तेच वाफे चहूबाजूंनी लवकर सुकतात. हिवाळी भाज्यांसाठी सपाट वाफे किंवा सरी-वरंबे हितावह ठरतात.

दिवस लहान होतो तेव्हा

या ऋतूतील सर्वांत महत्त्वाचा पालट डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. हैदराबादेत जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १३ तासांचा असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सुमारे ११ तासांवर येतो. हा दोन तासांचा फरक माणसाला फारसा जाणवत नसला, तरी अनेक वनस्पतींना तो नेमका कळतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीन या पिकांवर प्रयोग करून १९२० साली हे दाखवून दिले, की काही वनस्पती दिवस लहान व रात्र मोठी झाल्याशिवाय फुलत नाहीत. अशा वनस्पतींना लघुदिनी वनस्पती म्हणतात.

परसातील दोन-तीन कोडी या शोधामुळे उलगडतात. आषाढात लावलेला वालाचा वेल श्रावण-भाद्रपदात केवळ पानांनी माजतो. शेंग दिसत नाही. कंटाळून तो उपटून टाकण्याची चूक पुष्कळदा होते. वस्तुतः जुन्या गावरान जातींचा वाल दिवस लहान होण्याची वाट पाहत असतो. आश्विन-कार्तिकात त्याला तुरे येतात आणि मग थंडीभर शेंगा मिळतात. तेलुगू शेजारघरी ‘चिक्कुडु’ म्हणून आवडीने खाल्ली जाणारी शेंग हीच. उलट अंबाडीची स्थिती होते. हैदराबादेत ‘गोंगुरा’ या नावाने लोकप्रिय असलेली ही भाजी पावसाळ्यात भरपूर पाला देते, परंतु दिवस लहान होताच ती फुलोऱ्यावर येते व पाला विरळ, जाड होतो. तेव्हा पाल्यासाठी तिला पाणी घालत राहणे व्यर्थ होय. एखादे झाड बियाण्यासाठी राखून बाकीची जागा मोकळी करावी.

शेवंती हीदेखील लघुदिनी आहे. तिच्या कुंडीवर रात्री रस्त्यावरील वा ओसरीवरील दिव्याचा प्रकाश सतत पडत असेल, तर तिला रात्र पुरेशी मोठी झाल्याची खूण मिळत नाही आणि कळ्या उशिरा धरतात. निगा उत्तम असूनही शेवंती फुलत नाही अशी तक्रार असल्यास प्रथम दिव्याची जागा तपासावी. अनेकदा कुंडी चार हात अंधाराकडे सरकवणे एवढाच उपाय पुरतो.

काय काढावे, काय राखावे

पावसाळी बागेची आवराआवर ही नव्या पेरणीची पूर्वतयारी आहे, या दृष्टीने ती करावी. दोडका, कारली, काकडी, भोपळा यांचे जुने वेल भुरी रोगाने पांढुरके झाले असल्यास ते मुळासकट काढावेत. त्यांवरील रोग व किडी नव्या लागवडीकडे सरकतात. भेंडी व गवार यांच्या एक-दोन निरोगी झाडांवर शेंगा पूर्ण वाळू द्याव्यात. घरचे बियाणे धरण्याचा हाच काळ होय. वाळलेले बी राखेत मिसळून कोरड्या, झाकणबंद बरणीत ठेवावे व बरणीवर भाजीचे नाव व वर्ष लिहावे.

वांगी व मिरची ही झाडे मात्र सरसकट उपटू नयेत. खोड निरोगी असल्यास वाळक्या व किडक्या फांद्या छाटून, बुडाशी शेणखत देऊन पाणी दिल्यास त्यांना नवी फूट येते व हिवाळ्यात पुन्हा फळे मिळतात. गुलाबाची छाटणीही पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात करावी. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने, म्हणजे थंडी सुरू होताना, उत्तम फुले येतात.

तुळशीच्या बाबतीत घरोघरी एक चिंता आढळते. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि त्यानंतर तुळस निस्तेज होत जाते. यात अशुभ काही नाही. मंजिऱ्यांतील बी पिकले की झाडाची शक्ती तिकडे खर्च होते. त्यात गार रात्री तुळशीला सोसत नाहीत. बहुतांश मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडल्यास पाने अधिक काळ टिकतात. थोड्या पिकू द्याव्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी नवी रोपे तयार करण्यास बी हाताशी राहते.

सणांचा या ऋतुपालटाशी निकटचा संबंध आहे. भाद्रपद अमावास्येपासून तेलंगणात स्त्रिया बतुकम्मा मांडतात. त्यात ‘गुनुगु’ म्हणजे आपला कुरडू, ‘तंगेडु’ म्हणजे तरवड, तसेच झेंडू व भोपळ्याची फुले रचलेली असतात. पावसाच्या अखेरीस माळरानावर व परसात जे फुलते, तेच देवीसमोर येते. त्याच सुमारास मराठी घरांतील मुली हस्त नक्षत्राच्या नावाने हादगा खेळतात. पुढे तुळशीच्या लग्नात वृंदावनात ऊस, आवळे, चिंचा व बोरे ठेवली जातात, ती हिवाळ्यातील नव्या फळांची वर्दी होय. सणांची ही फुलेफळे म्हणजे बागेचा कामाचा तक्ताच समजावा : बतुकम्मा व हादगा यांच्या दिवसांत रोपवाटिका, दिवाळीच्या आगेमागे पेरणी, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत रोपांची लावणी पूर्ण.

सहा आठवड्यांची मुदत

ही कामे अमुक दिवसांतच का करावीत, याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. हिवाळी पेरणीची योग्य मुदत ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा व नोव्हेंबर महिना, अशी सुमारे सहा आठवड्यांची असते. त्याआधी जमीन तापलेली असल्याने धने व पालक नीट उगवत नाहीत आणि जोराच्या सरीने कोवळी रोपे झोपतात. त्यानंतर पेरल्यास पीक तयार होण्याच्या वेळी उन्हाळा येऊन ठेपतो. गाजराला ९० ते १०० दिवस लागतात. नोव्हेंबरच्या आरंभी पेरलेले गाजर फेब्रुवारीत गोड व कोवळे निघते. डिसेंबर अखेरीस पेरलेले मार्चच्या उन्हात सापडून कडक होते. फुलकोबीची रोपे वाफ्यात २५ ते ३० दिवस वाढवून मग ४५ सेंटिमीटर अंतराने लावतात व गड्डा धरण्यास गार रात्री लागतात. रोपे जुनी झाली किंवा जात हंगामाला अनुरूप नसली, तर बटणाएवढे गड्डे धरून झाड थांबते. बी घेताना जात लवकरची, मध्यम की उशिराची, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

मेथी व मुळा तीन ते पाच दिवसांत उगवतात. धने रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नयेत. तरीही उगवणीस आठ-दहा दिवस किंवा अधिक लागतात. मेथी साधारण २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ५० दिवसांत काढणीस येतो. सगळा वाफा एकाच दिवशी न पेरता दर दहा दिवसांनी एकेक पट्टा पेरल्यास भाजी एकदम वाया जात नाही व घराला सतत पुरते. लसणाच्या पाकळ्याही याच मुदतीत टोचाव्यात.

ही मुदत चुकल्यास होणारी हानी केवळ हौसेची नसते. हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेचे नाव सर्वपरिचित आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये या शहरात आली. तिने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार २००० किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत. पाच माणसांच्या घरात हे प्रमाण पाळायचे तर रोजच्या भाजीचा खर्च लहान नव्हे. बेताच्या उत्पन्नाच्या घरात महागाई वाढली की ताटातून प्रथम कमी होते ती भाजी, आणि तिच्याबरोबर मुलांच्या दृष्टीस व रक्तवाढीस आवश्यक अशी पोषकद्रव्येही. परसातील चार वाफे घराची सर्व गरज भागवू शकत नाहीत. पण पालेभाजी ताटातून नाहीशी होऊ न देण्याचे काम ते निश्चित करतात.

पाणी आणि पालापाचोळा

मुसा नदीला १९०८ च्या सप्टेंबरात आलेल्या महापुरानंतर हैदराबादसाठी उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधण्यात आले. शहर वाढल्यावर ते अपुरे पडले आणि आज कृष्णा व गोदावरीचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून आणावे लागते. असे दुरून आलेले पाणी परसात सढळ हाताने ओतणे परवडणारे नाही. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांना द्यावे. साबणाचे पाणी पालेभाज्यांवर घालू नये. थंडीत पाणी सकाळी द्यावे. सायंकाळी पाने भिजल्यास ती रात्रभर ओली राहतात व बुरशीजन्य रोगांना वाव मिळतो. वाफ्यात हात घालून बोटभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. गोळा टिकला तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

ओल टिकवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पालापाचोळा. तो गोळा करून पेटवून देण्याची रीत अजूनही दृष्टीस पडते. त्यामुळे धुराचा त्रास होतो व जमिनीचे अन्न जळून जाते. रोपांच्या बुडाशी दोन-तीन बोटे जाडीचे आच्छादन घातल्यास ऊन व कोरडा वारा यांपासून ओलीचे रक्षण होते. तांबड्या मातीत वाळवीचा उपद्रव असल्याने आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. उरलेला पाला मीटरभर लांब, रुंद व खोल खड्ड्यात शेणकाल्यासह थरांनी भरावा, ओलसर ठेवावा व अधूनमधून उलथावा. तीन-चार महिन्यांत उत्तम खत तयार होते. अशा खताची शास्त्रशुद्ध पद्धत इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात सिद्ध झाली. ती मांडणाऱ्या १९३१ सालच्या ग्रंथावर सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी.

रोग, कीड व फळझाडे

थंड व ढगाळ हवेत वालाच्या तुऱ्यांवर व कोबीवर मावा पडतो. आरंभीच किडलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी ते पाणी गाळून, त्यात किंचित साबण मिसळून फवारावे. घरच्या खाण्याच्या भाजीवर तीव्र विषारी औषधे मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

फळझाडांचे नियम मात्र वेगळे आहेत. आंब्याला गार रात्री व कोरडी जमीन मिळाल्यास मोहोर चांगला येतो. पालेभाज्यांना पाणी देताना जवळच्या आंब्यालाही सतत पाणी मिळत राहिले, तर त्याला मोहोराऐवजी पालवी फुटते. म्हणून मोहोर येईपर्यंत मोठ्या आंब्याचे पाणी तोडावे. महबूबनगरकडील बालानगर या गावावरून नाव पडलेले सीताफळ दिवाळीच्या सुमारास संपत येते. पुढे त्याची पाने गळू लागली तर झाड मेले असे समजू नये. कोरड्या ऋतूतील ती त्याची विश्रांती आहे. पेरूचे झाड मात्र याच दिवसांत फळांनी भरते व थंडीत त्याची गोडी वाढते.

शाळांसाठी निरीक्षणपाठ

शाळेच्या आवारातील बागेत शिक्षकांना पुढील तीन निरीक्षणे विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येतील. पहिले : शेवंतीच्या दोन सारख्या कुंड्यांपैकी एक रात्री दिव्याखाली व दुसरी अंधारात ठेवून प्रत्येकीला पहिली कळी कधी आली, याची नोंद करावी. दुसरे : एका वाफ्यावर आच्छादन घालून व दुसरा उघडा ठेवून कोणत्या वाफ्याला किती दिवसांनी पाणी द्यावे लागते, ते पाहावे. तिसरे : मेथीचे दोन पट्टे, एक नोव्हेंबरात व एक जानेवारीच्या अखेरीस पेरून दोहोंची भाजी किती निघाली व फुलोरा केव्हा आला, याची तुलना करावी. पुस्तकातील ऋतुचक्राचा धडा अशा रीतीने मुलांच्या हातात येईल.

हैदराबादेतील जुनी चौकाची घरे झपाट्याने कमी होत आहेत व त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. घराबरोबर परस जाते आणि परसाबरोबर केव्हा काय पेरावे याचे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना असलेले ज्ञानही जाते. जमीन परत मिळणे कठीण आहे. ज्ञान राखणे कठीण नाही. गच्चीवरील चार कुंड्या, जुनी घमेली वा मातीने भरलेली गोणी यांतही मेथी, कोथिंबीर व पालक उत्तम येतात. फक्त त्यांची माती लवकर सुकते, हे लक्षात ठेवावे. आजीने सांगावे आणि नातवंडांनी पेरावे, असे ज्या घरी दिवाळीच्या दिवसांत घडेल, त्या घरी संक्रांतीच्या ताटात स्वतःच्या हातची भाजी असेल. या वर्षीच्या सहा आठवड्यांचा उपयोग प्रत्येक कुटुंबाने व शाळेने करून घ्यावा, हेच या अभ्यासाचे सांगणे आहे.